एच.पी. विचारू नका, मिस्त्री कुठं राहतो ते विचारा

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हे आपल्या हॉस्टेलवर कुणाला नव्याने सांगायला नको. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या अशाच एका रविवारी गेटसमोरच्या गाड्यावर वडापाव खात उभा होतो आणि अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन आला. तेव्हा मी एस.ई.ला होतो.

“तू मेकॅनिकलला हायस न्हवं?”

“हो अण्णा.”

“मग सांग, बागंसाठी छोटा ट्रॅक्टर कुठला घ्यावा?”

मित्रांनो, खरं सांगतो, हातातला वडापाव हातातच राहिला. मला डिझेल सायकलचा पी-व्ही डायग्राम डोळे मिटून काढता येत होता. डिफरन्शिअल कसं चालतं यावर आठ मार्कांचं उत्तर आकृतीसह लिहिता येत होतं. पण ज्या माणसानं ऊस आणि द्राक्षं विकून माझी फी भरली, त्याच्या एका साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. “बघून सांगतो” म्हणालो. हे वाक्य आपण व्हायवात वापरतो तसंच वापरलं.

हा लेख त्या उत्तराबद्दल आहे. ते शोधायला मला सात महिने लागले, आणि आपण इथं चार वर्षं जे शिकतो त्याबद्दल माझं एक मतही त्यातून तयार झालं. ते पटलं नाही तर मेसमध्ये भांडू या, पण आधी वाचा.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात. घरची साडेतीन एकर जमीन, त्यातली दोन एकर द्राक्षबाग. ज्यांच्या घरी बाग नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. फळछाटणीनंतर नवे फुटवे येतात, त्यात कोवळे घड दिसायला लागतात, आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस दारात उभा असतो. पान ओलं राहिलं, ढगाळ हवा राहिली की दावण्या येतो. दावण्या म्हणजे डाऊनी मिल्ड्यू. पानावर आला तर निभावता येतं, कोवळ्या घडावर आला तर घड जळून जातो. म्हणून पाऊस थांबला की काही तासांत औषध मारावं लागतं. दोन दिवसांनी मारलं तर औषधाचा खर्च होतो आणि घडही जातो.

हे औषध ट्रॅक्टरच्या मागे ब्लोअर लावून मारतात. ब्लोअरचा पंखा आणि पंप ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. शाफ्टवर फिरतो. म्हणजे ऑक्टोबरातल्या त्या चार-सहा आठवड्यांत आख्ख्या वर्षाची कमाई एका फिरत्या शाफ्टवर अवलंबून असते.

२०२४ च्या ऑक्टोबरात आमचा तो शाफ्ट थांबला. ट्रॅक्टर जुना, सेकंडहँड घेतलेला. कंपनीचं नाव लिहीत नाही. पी.टी.ओ.चं बेअरिंग गेलं आणि जाता जाता गिअरही घेऊन गेलं. बेअरिंग सांगलीत मिळालं. गिअर मिळेना. ज्या शोरूममधून तो ट्रॅक्टर मूळ विकला गेला होता तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. गिअर बाहेरून मागवला, ट्रान्सपोर्टनं आला, अकराव्या दिवशी. तोवर तीन वेळा पाऊस झाला होता. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागायला गेलो तर तो स्वतःच्या बागेत होता. साहजिकच आहे, पाऊस काही एकट्या आमच्या बागेवर पडत नाही. अण्णांनी आणि चुलत्यांनी पंप लावून नळी-गननं फवारलं, रात्री बॅटरी लावून फवारलं. तरी खालच्या एक एकर प्लॉटमधले निम्म्याहून जास्त घड गेले. आई त्या काळात फोनवर फक्त “जेवलास का” एवढंच विचारायची. मला वाटायचं सगळं ठीक आहे. दिवाळीला घरी गेल्यावर कळलं.

तर असा हा “कुठला घ्यावा” प्रश्न होता. त्यामागे सोसायटीचं थकलेलं कर्ज होतं आणि नव्या कर्जाची भीती होती.

मी आधी रूमवर विचारलं. लातूरचा रूम पार्टनर म्हणाला, “पंचेचाळीस एच.पी.च्या खाली घेऊच नको, नांगरट ओढत नाही.” त्याच्याकडे सोयाबीन, तूर आणि काळी जड जमीन. रत्नागिरीचा म्हणाला, “ट्रॅक्टर कशाला, पॉवर टिलर घे.” त्याच्याकडे भाताच्या चिंचोळ्या खाचरांत ट्रॅक्टर वळतच नाही. तिसरा म्हणाला, “ॲव्हरेज किती देतो ते बघ.” त्यानं आयुष्यात बाईक सोडून काही घेतलेलं नाही. गंमत म्हणजे पहिली दोन्ही उत्तरं बरोबर होती, पण त्यांच्या त्यांच्या घरासाठी. माझ्या घराला त्यांचा उपयोग नव्हता.

मग मी इंजिनिअरसारखं वागायचं ठरवलं आणि माहितीपत्रकं जमवली. आपल्याकडे मिनी ट्रॅक्टर म्हणतात तो वर्ग साधारण १५ ते २८ एच.पी.चा. महिंद्रा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे दोन्ही १५ एच.पी.चे, एक सिलिंडरवाले. व्हीएसटी शक्तीचा एमटी १८०डी साडेअठरा एच.पी.चा, तीन सिलिंडरवाला. या कंपनीचं जपानच्या मित्सुबिशीशी जुनं तांत्रिक नातं. कुबोटाचे निओस्टार २१ आणि २४ एच.पी.चे. जॉन डिअरचा २८चा. शिवाय राजकोटचा कॅप्टन. मी एक्सेल शीट केली, रकाने पाडले, रंग भरले. सबमिशनला दिली असती तर नक्की ‘ए’ ग्रेड मिळाली असती. अण्णांना फोनवर वाचून दाखवली. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, “हे सगळं त्या शोरूमवाल्या पोरानं बी सांगितलं. तू काय सांगतोस?”

त्या प्रश्नानं मी एच.पी.कडे नीट बघायला लागलो. बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनचा असतो. आपल्याला काम मिळतं ते पी.टी.ओ.वर. १८ एच.पी. लिहिलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर साधारण १५-१६ मिळते, कारण मधली गिअर आणि हायड्रॉलिक पंप वगैरे आपापला हिस्सा घेतात. जमिनीत अवजार ओढताना चाक घसरतं, तिथं आणखी कमी. ब्लोअरला जी ताकद लागते ती या मागच्या आकड्यातून मोजायची, बॉनेटवरच्या नाही. हे आपल्याला शिकवलेलं असतं, फक्त ‘ट्रान्समिशन लॉसेस’ या नावानं शिकवलेलं असतं, त्यामुळे ते आपल्या ट्रॅक्टरला लागू होतं हे लक्षात येत नाही.

हा आकड्यांचा मोह फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. माझा मावसभाऊ अमेरिकेत ओहायोला असतो. घराभोवती एकरभर हिरवळ, आणि ती वाढली की शेजारी तक्रार करतात. म्हणून तोही त्याच सुमारास बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र शोधत होता. तिकडं दोन प्रकार मिळतात. एकाला लॉन ट्रॅक्टर म्हणतात, दुसऱ्याला गार्डन ट्रॅक्टर. दिसायला सख्खे भाऊ, बॉनेटवरचा आकडाही जवळपास सारखा. फरक असतो मागच्या ॲक्सलमध्ये आणि गिअरबॉक्समध्ये. पहिल्याचा गिअरबॉक्स सपाट हिरवळीवर गवत कापण्यापुरता केलेला, पुष्कळदा सीलबंद, तेल बदलायची सोयसुद्धा नसलेला. दुसऱ्याचा नांगर किंवा भरलेली ट्रॉली ओढायला केलेला. पहिला घेऊन चढावर ट्रॉली ओढली की दोन-तीन हंगामांत रडायची वेळ येते. शिवाय तिथल्या गवत कापायच्या यंत्रांच्या एच.पी.चे आकडे फुगवून छापतात म्हणून ग्राहक कोर्टात गेले होते आणि २०१० मध्ये उत्पादकांना मोठी तडजोड करावी लागली. त्यानंतर कित्येक यंत्रांवर एच.पी.ऐवजी इंजिनची सी.सी. किंवा टॉर्क लिहायला लागले. मावसभावानं शेवटी मोठ्या मॉलमधली स्वस्त मशीन सोडून घरापासून दहा मिनिटांवरच्या छोट्या दुकानातली घेतली. कारण विचारलं तर म्हणाला, “अरे, मे महिन्यात सगळ्यांचीच मशीन बंद पडते. तो दुकानदार आधी स्वतःकडून घेतलेल्यांची दुरुस्त करतो.”

ओहायोचा मे आणि तासगावचा ऑक्टोबर. माझ्या डोक्यात तिथं पहिल्यांदा दिवा पेटला.

दुसऱ्यांदा पेटवला आपल्या वर्कशॉपमधल्या इन्स्ट्रक्टर सरांनी. त्यांना एक्सेल शीट दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “यात एम.टी.टी.आर.चा रकाना कुठाय?” आपल्याला रिलायबिलिटीत दोन गोष्टी असतात. एम.टी.बी.एफ. म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ, आणि एम.टी.टी.आर. म्हणजे बिघाड दुरुस्त व्हायला लागणारा सरासरी काळ. दोन्ही मिळून ठरतं की यंत्र आपल्या हाताशी किती वेळ असणार. आपण सगळे पहिल्याच्या मागे लागतो: “मजबूत आहे का? बंद पडत नाही ना?” दुसऱ्याला कुणी विचारत नाही.

सरांनी फळ्यावर साधं गणित मांडलं. समजा एक ट्रॅक्टर वर्षातून तीनदा बंद पडतो, पण दर वेळी अर्ध्या दिवसात चालू होतो. वर्षाला दीड दिवस गेला. दुसरा फार दणकट, वर्षातून एकदाच बंद पडतो, पण पार्ट यायला बारा दिवस लागतात. आता सांगा, विश्वासाचा कुठला? कॉलेजात पेपर लिहिताना दुसरा. बागेत पहिला. आणि लक्षात ठेवा, यंत्र बंद पडतं ते घासून काम घेताना, म्हणजे नेमकं हंगामात. ते बारा दिवस जानेवारीत येत नाहीत, ऑक्टोबरातच येतात.

माझं मत हेच आहे. घरच्या वापराचं यंत्र निवडताना ते किती बंद पडत नाही यापेक्षा बंद पडल्यावर किती लवकर चालू होतं याला जास्त मार्क द्यायला हवेत. आणि ते उत्तर माहितीपत्रकात छापलेलं नसतं, ते तालुक्यात असतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि अण्णा तालुक्यात हिंडलो. यात अण्णांनी मला शिकवलं, मी त्यांना नाही. मी शोरूममध्ये जाऊन बसायचो, ते गॅरेजच्या बाहेर बाकड्यावर बसायचे. चहा प्यायचे, कुठला ट्रॅक्टर कशासाठी आलाय ते बघायचे. एका मिस्त्रींना त्यांनी सरळ विचारलं, “मिस्त्री, तुमच्याकडं कुठला ट्रॅक्टर आला की तुमचं डोकं उठतंय?” मिस्त्री हसले आणि म्हणाले, “अण्णा, मोडतंय सगळंच. ज्याचं सामान मिळत न्हाई त्याचा राग येतोय.” माझ्या आख्ख्या सेमिस्टरचा सारांश त्या माणसानं एका वाक्यात सांगितला.

आणखी एक गोष्ट अण्णांमुळे कळली. मी म्हणत होतो, जरा मोठा घेऊ, नांगरटही होईल. अण्णा म्हणाले, “नांगरट चार दिवस थांबती. फवारा थांबत न्हाई.” विचार करा, किती मोठी गोष्ट आहे ही. ज्या कामाला थांबता येतं त्यासाठी भाड्याचं यंत्र चालतं. नांगरट, खोल सबसॉयलर यांना गावातला पन्नास एच.पी.वाला बोलवायचा, तासावर पैसे द्यायचे. ज्या कामाला सगळ्या गावाला एकाच सकाळी यंत्र लागतं, त्यासाठी घरचं हवं. म्हणजे घरचा ट्रॅक्टर फक्त फवारणी, ओळीतला रोटाव्हेटर आणि शेणखताची छोटी ट्रॉली एवढ्याच कामांच्या मापानं घ्यायचा. वर्षातून चार दिवसांच्या नांगरटीसाठी दीड-दोन लाख जास्तीचं कर्ज काढायचं नाही. मिनी ट्रॅक्टर साधारण तीन-साडेतीन लाखांपासून सहा लाखांच्या आसपास जातो, आणि छोट्या शेतकऱ्याच्या घरात हा फरक फार मोठा असतो.

बुदनीच्या अहवालांबद्दलही लिहिलं पाहिजे. मध्य प्रदेशात बुदनी इथं केंद्र सरकारची शेती यंत्रांची प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे. तिथं ट्रॅक्टर तपासून रिपोर्ट छापतात. पी.टी.ओ.वर खरी ताकद किती मिळाली, डिझेल किती खाल्लं, लोड वाढल्यावर टॉर्क किती टिकला, हायड्रॉलिकनं किती उचललं, ब्रेक कसे लागले, आवाज आणि कंप किती, आणि शेवटी इंजिन खोलून कुठं किती झीज झाली. मेकॅनिकलच्या मुलानं एकदा तरी असा रिपोर्ट पूर्ण वाचावा. आपल्या निम्म्या अभ्यासक्रमाचा उपयोग एका ठिकाणी दिसतो. माझी शॉर्टलिस्ट त्यावरूनच झाली. पण त्या रिपोर्टमध्ये तासगावात क्लच प्लेट मिळते का हे लिहिलेलं नसतं. ते आपणच बघायचं असतं.

शेवटी आम्ही वहीच्या एका पानावर प्रश्न लिहिले. तुमच्या घरी कुणी विचारलं तर कामाला येतील म्हणून देतो.

१. आपल्या ओळीत बसतो का? आमच्या दोन ओळींत नऊ फूट अंतर, पण फुटवे वाढल्यावर मोकळी जागा फार कमी उरते. ट्रॅक्टरची बाहेरून बाहेर रुंदी टेपनं मोजा, ओळीच्या टोकाला वळतो का ते चालवून बघा. सायलेन्सर वर गेलेला असेल तर मांडवातली पानं भाजतात, तेही बघा.

२. सगळ्यात जड काम कुठलं आणि ते झेपतं का? ६०० लिटरच्या ब्लोअरमध्ये नुसतं पाणीच ६०० किलोचं. मिनी ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन साधारण सहाशे ते हजार किलो. म्हणजे मागे जवळपास दुसरा ट्रॅक्टरच बांधलेला असतो. तो ओढता येतो का याबरोबर उतारावर थांबवता येतो का हे विचारा.

३. चिखलात जातो का? पाऊस थांबल्यावर लगेच बागेत शिरायचं असतं. काळ्या रानात टू-व्हील ड्राइव्ह जागेवरच फिरतो. फोर-व्हीलला पैसे जास्त आणि पुढच्या ॲक्सलचे सील-तेल हा वाढीव मेंटेनन्स, पण आमच्या कामात ते पैसे एका पावसात वसूल होतात. तुमचं रान मुरमाड असेल तर कदाचित गरज नाही.

४. एक सिलिंडर की तीन? एक सिलिंडरला पार्ट कमी, किंमत कमी, कुठलाही मिस्त्री खोलतो. पण कंप जास्त. रोज चार तास बसणारा माणूस पन्नाशी ओलांडलेला असेल तर त्याच्या कमरेलाही यंत्राचाच पार्ट समजा. तिचं स्पेअर मिळत नाही.

५. डीलरचं शेल्फ दाखवा. “सगळं मिळतं हो” यावर जाऊ नका. ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, फॅन बेल्ट, क्लच प्लेट, पाण्याचा पंप, हायड्रॉलिकचे सील, पी.टी.ओ.चं बेअरिंग आणि गिअर, यातलं आत्ता या क्षणी काय आहे ते दाखवा म्हणा. आम्ही चार ठिकाणी हे म्हणालो. दोन ठिकाणी शेल्फ दाखवलं, एका ठिकाणी चहा दिला आणि एका ठिकाणी राग आला.

६. त्याच मॉडेलचे ट्रॅक्टर पाच-सहा किलोमीटरच्या आत किती आहेत? जास्त असतील तर मिस्त्रीचा हात बसलेला असतो, आणि वेळ आलीच तर एखादा पार्ट उसनाही मिळतो.

आता यावर माझ्या वर्गातल्या एकानं चांगला आक्षेप घेतला होता. तो म्हणाला, “सगळ्यांनी असंच केलं तर जी कंपनी तालुक्यात आधीपासून आहे तीच कायम राहणार. नवीन, चांगली मशीन येणारच नाही.” मुद्दा खरा आहे. पण नव्या कंपनीला पाय रोवायची जबाबदारी पाच लाखांचं कर्ज काढणाऱ्या माणसाच्या डोक्यावर का? कंपनीनं आधी मिस्त्री शिकवावेत, सामान आणून ठेवावं, मग मशीन विकावी. नव्याला माझा विरोध नाही, रिकाम्या शेल्फला आहे.

अनुदानाबद्दलही एक वाक्य. महाडीबीटीवर अर्ज जरूर करा, हक्काचे पैसे आहेत. पण अनुदान मिळतंय म्हणून यंत्र निवडू नका. अनुदान एकदा येतं, ऑक्टोबर दरवर्षी येतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जी.एस.टी. १२ वरून ५ टक्क्यांवर आला. अण्णा त्याचीच वाट बघत होते. २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, ट्रॅक्टर दारात आला. मी हॉस्टेलवर होतो, फोटो बघितला. हार घातलेला, शेजारी आई, आणि अण्णा नेहमीसारखे कॅमेऱ्याकडे न बघता टायरकडे बघणारे.

कुठला घेतला ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही हा लेख विसरून फक्त तेवढं नाव लक्षात ठेवाल, आणि तुमच्या तालुक्यात ते उत्तर चुकीचं असेल.

पुढचं मात्र सांगतो. नोव्हेंबरात तो बंद पडला. हो, नवा कोरा. डिझेलची एक पाइप जोडापाशी गळायला लागली, इंजिन हवा धरायला लागलं. सकाळी साडेआठला अण्णांनी मिस्त्रींना फोन केला, दहाला ते मोटरसायलवर आले, खिशातून पाइप काढली, साडेअकराला ब्लोअर फिरायला लागला. मला हे संध्याकाळी कळलं, तेही बोलता बोलता. “सकाळी जरा बंद पडलावता,” अण्णा म्हणाले, आणि माझ्या परीक्षेचं विचारायला लागले. वर्षभरापूर्वी याच घरात अकरा दिवस कुणी नीट झोपलं नव्हतं. त्या “जरा” शब्दासाठी आम्ही सात महिने हिंडलो असं मी समजतो.

एक गोष्ट अजून माझ्या मनासारखी झालेली नाही. पी.टी.ओ. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर आमच्याकडे सगळेच पहिल्या आठवड्यात काढून टाकतात, ग्रीस मारायला आडवं येतं म्हणून. हा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. खांद्यावरच्या टॉवेलचं टोक अडकलं तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. मी घरी भांडून कव्हर परत बसवलं आहे. पुढच्या सुट्टीत जागेवर असेल अशी आशा आहे. तुमच्या घरी असेल तर आज फोन करून विचारा.

आता शेवटचं, आणि हे आपल्या कॉलेजसाठी. सर, रागावू नका. आपल्या डिपार्टमेंटमध्ये दरवर्षी एक तरी ग्रुप बी.ई. प्रोजेक्टला ‘सोलर ग्रास कटर’ करतो. व्हायवाच्या दिवशी तो ऑफिससमोरच्या हिरवळीवर दहा फूट चालतो, फोटो निघतो, आणि मग जिन्याखाली जातो. तिथं आत्ता तीन आहेत, मी मोजले. तिन्हींची कल्पना चांगली आहे. तिन्ही बंद आहेत, कारण बंद पडल्यावर कोण दुरुस्त करणार आणि कुठल्या पार्टनं, हा प्रश्न कुणालाच विचारला गेला नाही. मार्क यंत्र चालण्याला आहेत, चालत राहण्याला नाहीत.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. दर वर्षी एका ग्रुपनं नवीन यंत्र न करता जवळच्या चार गावांतली जुनी यंत्रं बघावीत. कुठला ट्रॅक्टर कशामुळे थांबतो, किती दिवस थांबतो, कुठला पार्ट कुठं मिळतो, यातला कुठला पार्ट आपल्या वर्कशॉपमधल्या लेथवर करता येईल, याची वही करावी आणि ती ग्रामपंचायतीत लावावी. आणि थर्ड इयरच्या प्रत्येक मुलाला एक दिवस, फक्त एक दिवस, गॅरेजच्या बाकड्यावर बसवावं. इंडस्ट्रिअल व्हिजिट म्हणून धरा हवं तर. बसचा खर्चही कमी येईल.

आपल्यापैकी पुष्कळांना घरून कधी ना कधी असा फोन येणार आहे. तुमच्याकडे ट्रॅक्टरचा असेल, कुणाकडे पाण्याच्या मोटरीचा, कुणाकडे पिठाच्या गिरणीचा. “तू इंजिनिअर हायस न्हवं?” असं कुणीतरी विचारेल. तेव्हा “बघून सांगतो” म्हणायला लागू नये एवढीच इच्छा. आणि म्हणावं लागलंच, तर खरंच जाऊन बघा.

– टी.ई. (मेकॅनिकल), बॉईज हॉस्टेल